लिंबूटिंबू नव्हे, भिडू



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला खेळ या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा क्रिकेट असावे. वसंतातल्या संध्याकाळी क्रिकेटवर बोलणे वक्त्याला सोपे आणि श्रोत्यांना सुखाचे. पण खेळाविषयी बोलायचे तर जे खेळतात त्यांच्याबरोबर ज्यांना कोणी खेळायला घेत नाही त्यांच्याविषयीही बोलावे, असे आम्हांला वाटले, आणि चालकांनी ते उदार मनाने मान्य केले. म्हणून आजचा विषय आहे, पारलिंगी तरुण आणि क्रीडांगण.

पारलिंगी हा शब्द आपल्यापैकी काहींना नवा असेल. जन्माच्या वेळी सुईणीने किंवा डॉक्टरांनी 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली' असे सांगितले, आणि पुढे त्या मुलाला स्वतःची जी ओळख मनोमन पटली ती त्याहून वेगळी निघाली, तर त्या व्यक्तीला पारलिंगी म्हणतात. आपल्याकडे रूढ असलेला शब्द तृतीयपंथी. पण तो शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: चौकात, आगगाडीच्या डब्यात टाळी वाजवून पैसे मागणारी माणसे. ती माणसे तेथे पोचण्यापूर्वी कोठे होती, हा प्रश्न आपण विचारीत नाही. ती कोणाच्या तरी घरात होती, कोणत्या तरी शाळेच्या आठवीच्या वर्गात होती. आमचे आजचे बोलणे त्या आठवीतल्या मुलाविषयी आहे.

अशी मुले असतात किती? 2011 च्या जनगणनेत 'पुरुष' आणि 'स्त्री' यांच्या जोडीला 'इतर' असा रकाना होता. त्यात देशभर 4,87,803 माणसांची नोंद झाली. महाराष्ट्रात 40,891 माणसांची. यांपैकी साक्षर शेकडा 56, तर सर्व देशाचे प्रमाण शेकडा 74. 'इतर' हा रकाना पारलिंगी या शब्दाशी तंतोतंत जुळत नाही, आणि पुष्कळांनी त्यात नोंद करण्याचे टाळलेही असेल. पण त्याच आकड्यांत एक आकडा असा आहे की तो वाचून माणूस क्षणभर थांबतो. त्या 4,87,803 मध्ये सहा वर्षांपर्यंतची मुले 54,854 होती. चार वर्षांचे मूल जनगणनेच्या कारकुनाला उत्तर देत नाही. उत्तर देतात आईबाप. म्हणजे आपले मूल इतरांहून वेगळे आहे असे हजारो घरांतल्या वडीलमाणसांनीच सांगितले. घराला पुष्कळदा ठाऊक असते. प्रश्न घराबाहेरच्या अंगणाचा आहे.

आता अंगणाकडे वळू. आपल्या मुलांच्या खेळांत एक फार जुनी सोय आहे. एखादे अगदी लहान मूल हट्ट धरून बसले, की मोठी मुले त्याला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. त्याने पळावे, ओरडावे, पण त्याला कोणी बाद करीत नाही आणि त्याने कोणाला शिवले तरी ते धरले जात नाही. लिंबूटिंबू खेळात असतो आणि नसतोही. याच्या उलट भिडू. भिडू म्हणजे ज्याच्यावर डाव अवलंबून आहे तो. त्याने झेल घेतला तर जयजयकार, सोडला तर शिव्या. आणि मौज अशी की भिडू हा शब्द मुलगा की मुलगी हे विचारीत नाही.

समाजाने एखाद्याला स्वीकारले असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचेही हे दोन प्रकार असतात. दयेने स्वीकारलेला माणूस लिंबूटिंबू असतो. त्याच्या सत्काराला आपण जातो, त्याच्याविषयी गहिवरून बोलतो, पण आपल्या कोणत्याही कामात त्याच्यावाचून अडत नाही. भिडू म्हणून ज्याला घेतले, त्याच्यावाचून अडते. आमचे म्हणणे एवढेच आहे की पारलिंगी तरुणाला भिडू म्हणून घेण्याची शक्ती मैदानाइतकी दुसऱ्या कोणत्याही जागेत नाही. आणि गंमत, किंबहुना शोकान्तिका, अशी की आज त्याला सर्वांत आधी बाहेर काढणारी जागाही मैदानच आहे.

हे कसे होते ते पाहा. वर्गात बाक सर्वांना सारखा असतो. भूगोलाच्या तासाला कोणी विचारीत नाही की तू कोण. पण कवायतीच्या तासाची शिट्टी वाजते आणि शिक्षक म्हणतात, 'मुलगे इकडे, मुली तिकडे.' दोन रांगा होतात. ज्याचे पाऊल कोणत्याच रांगेकडे वळत नाही, त्याचे त्या दिवसापासून पोट दुखू लागते. तो मैदानाच्या कडेला, दप्तरांच्या ढिगाशेजारी बसून राहतो. कपडे बदलायची खोली हा त्याला रोजचा धाक; चालण्याची आणि आवाजाची नक्कल ही रोजची शिक्षा. कालांतराने तो कवायतीच्या दिवशी शाळा चुकवतो, आणि पुढे शाळाच सोडतो. साक्षरतेच्या आकड्यांतली तूट अशा लहान लहान रजांनी भरत जाते.

याच्या उलट घडलेले एक उदाहरण सांगतो. प्रशांत महासागरात अमेरिकन सामोआ नावाचा चिमुकला द्वीपसमूह आहे. लोकसंख्या सुमारे पन्नास हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. या बेटांचा फुटबॉल संघ जगाला ठाऊक झाला तो एका पराभवामुळे. 11 एप्रिल 2001 रोजी ऑस्ट्रेलियाने त्यांचा 31–0 असा पराभव केला. नव्वद मिनिटांत एकतीस गोल. दर तीन मिनिटांना एक. आंतरराष्ट्रीय सामन्यांत एवढा मोठा पराभव तोवर कोणाचाच झाला नव्हता. पुढची दहा वर्षे हा संघ हरतच राहिला आणि जागतिक क्रमवारीत तळाला जाऊन बसला.

त्या बेटांवर एक जुना शब्द आहे, 'फाआफाफिने'. अर्थ, स्त्रीच्या रीतीने वागणारी व्यक्ती. जन्माने मुलगा, पण मनाने आणि वागण्याने स्त्रीकडे कल असलेल्या मुलांना तेथे हे नाव आहे. अशी मुले घराबाहेर काढली जात नाहीत. घरातली कामे आणि वृद्धांची सेवा यांत त्यांचा वाटा ठरलेला असतो. जाया साएलुआ ही अशीच एक. ती फुटबॉल उत्तम खेळे, आणि शाळकरी वयातच राष्ट्रीय संघात आली. बचावफळीच्या मध्यावरची जागा तिची.

2011 साली विश्वचषकाच्या पात्रता फेरीसाठी टॉमस राँगेन नावाचे, मूळचे हॉलंडचे प्रशिक्षक या संघाकडे आले. हाताशी जेमतेम तीन आठवडे. त्यांनी जायाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल असे विचारले, आणि तिने सांगितलेल्या नावाने हाक मारली. एवढ्या साध्या गोष्टीला काय महत्त्व, असे कोणी म्हणेल. पण मैदानावर हाक हीच भाषा असते. चेंडू येतो आहे हे सांगायला अर्धा क्षण मिळतो, आणि त्या अर्ध्या क्षणात ज्या नावाने हाक येते तेच आपले खरे नाव. हेही लक्षात ठेवले पाहिजे की प्रशिक्षकांनी तिला संघात आणले नाही. ती आधीपासूनच तेथे होती, आणि तिच्या सोबत्यांना त्यात बोलण्यासारखे काही वाटत नव्हते.

22 नोव्हेंबर 2011. सामोआची राजधानी आपिया. समोर टोंगाचा संघ. अमेरिकन सामोआ 2–1 असा जिंकला. फिफाच्या मान्यतेच्या सामन्यांतला त्यांचा हा पहिला विजय. त्या दिवशी गोल राखायला उभा होता निकी सालापू, दहा वर्षांपूर्वी ज्याच्या डोळ्यांदेखत एकतीस गोल झाले होते तोच. आणि त्याच्यापुढे बचावाला होती जाया साएलुआ. पुरुषांच्या विश्वचषक पात्रता सामन्यात खेळलेली पहिली पारलिंगी खेळाडू म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. पुढच्या सामन्यात कुक बेटांशी बरोबरी झाली, शेजारच्या सामोआशी हार झाली, आणि संघ फेरीतून बाहेर पडला. कथा येथेच संपते. चषक वगैरे काही मिळाला नाही.

पण या कथेची दुसरी बाजू ऐका. हीच जाया शिक्षणासाठी हवाईला गेली असता तेथील एका महाविद्यालयीन संघाच्या निवडीला उभी राहिली, आणि काही मिनिटांतच तिला परत पाठवण्यात आले, असे तिने स्वतः सांगितले आहे. पाय तेच, कसब तेच. एका मैदानावर जिच्यावाचून बचावफळी उभी राहत नव्हती, ती दुसऱ्या मैदानावर अडचण ठरली. फरक तिच्यात नव्हता.

कोणी म्हणेल, त्या दूरच्या बेटांचे काय सांगता? तर आपल्याच देशात येऊ. मणिपुरात फाल्गुनी पौर्णिमेला याओशांगचा सण सुरू होतो. आपण धुळवड खेळतो त्याच दिवसांत तेथे पाच दिवस वस्तीवस्तीतून धावण्याच्या शर्यती, चेंडूचे सामने आणि नाना तऱ्हेचे खेळ चालतात. सणाचा धर्मच जणू मैदान. ज्या समाजात सणच मैदानावर साजरा होतो, तेथे मैदानाबाहेर राहणे म्हणजे सणाबाहेर राहणे. मणिपुरी भाषेतही अशा व्यक्तींना शब्द आहेत: स्त्रीरूप पत्करणाऱ्यांना 'नुपी मानबी', आणि मुलगी म्हणून वाढलेल्या, पण स्वतःला पुरुष मानणाऱ्यांना 'नुपा मानबा'. सादाम हंजाबम यांनी इंफाळमध्ये सुरू केलेल्या 'या ऑल' या संस्थेने 2020 साली नुपा मानबा तरुणांचा एक फुटबॉल संघ उभा केला. भारतातला पारलिंगी खेळाडूंचा पहिला फुटबॉल संघ म्हणून त्याची वार्ता सर्वत्र पसरली.

या तरुणांची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. त्यांतले अनेकजण लहानपणी मुलींच्या संघातून खेळलेले. वय वाढले, ओळख स्पष्ट झाली, तेव्हा मुलींच्या संघात राहणे त्यांना नकोसे झाले आणि पुरुषांच्या संघाचे दार उघडेना. खेळ अंगात मुरलेला, पण तो खेळायला जागा नाही, अशी अवस्था. संघ निघाला आणि ती जागा मिळाली. त्याआधी 2017 साली केरळच्या राज्य क्रीडा परिषदेने तिरुवनंतपुरम येथे पारलिंगी खेळाडूंच्या मैदानी स्पर्धा भरवल्या होत्या. वेगळा संघ, वेगळ्या स्पर्धा ही शेवटची पायरी आहे असे आम्ही मानत नाही. पण ज्याला आयुष्यात कोणी चेंडूच दिला नाही, त्याला पहिली पायरी लागते.

या ठिकाणी आपल्या मराठी मनाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. मणिपुरात शुमांग लीला नावाचा अंगणात होणारा नाट्यप्रकार आहे. त्यात स्त्रियांच्या भूमिका पुरुष नट करीत आले, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. आपल्याला यात नवल वाटू नये. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, शालू नेसून रंगभूमीवर आले की महाराष्ट्र भान विसरे. घरोघरच्या बायका त्यांच्या नेसण्याचे आणि चालण्याचे अनुकरण करीत. पुरुषाने स्त्रीवेष घेतला म्हणून ज्या समाजाचे काही बिघडले नाही, त्याच समाजाला गल्लीतल्या एखाद्या मुलाची चाल का खुपावी? याचे उत्तर असे की रंगभूमीने भूमिका स्वीकारली होती. पडदा पडला की वेष उतरे आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जात. पारलिंगी मुलाला उतरवून ठेवण्यासारखा वेष नसतो. म्हणून त्याला टाळ्या देणारी रंगभूमी पुरत नाही. जो जसा आहे तसा ज्या जागी उपयोगी पडेल, अशी जागा त्याला हवी. आणि ती मैदान देऊ शकते.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, आणि तो टाळला तर ते आपल्याला शोभणार नाही. आक्षेप असा, की पुरुषदेहाने वाढलेली व्यक्ती स्त्रियांच्या स्पर्धेत उतरली तर स्त्री-खेळाडूंवर अन्याय नाही का होणार? हा प्रश्न द्वेषातूनच निघतो असे नाही. स्त्रियांनी स्वतःच्या स्पर्धा मोठ्या झगड्याने मिळवल्या आहेत, आणि पौगंडावस्थेत देहाला येणारे बळ हे खोटे नाही. जागतिक मैदानी खेळांच्या संघटनेने मार्च 2023 मध्ये, पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या पारलिंगी स्त्रियांना स्त्रियांच्या जागतिक स्पर्धांतून वगळले. यावर शास्त्रज्ञांत आणि खेळाडूंत वाद चालू आहे, आणि जेथे शतांश सेकंदाने पदक ठरते तेथे तो व्हावा हे योग्यच.

परंतु शिखरासाठी केलेला नियम पायथ्याशी आणून ठोकला की काय होते, हेही पाहा. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 1 जून 2025 पासून पारलिंगी स्त्रियांना स्त्रियांच्या फुटबॉलमधून वगळले, आणि तो नियम रविवारी गावच्या मैदानावर हौसेने खेळणाऱ्यांनाही लागू केला. नोंदलेल्या अशा खेळाडू किती होत्या? तीसच्या आत, आणि त्यांत व्यावसायिक एकही नव्हती. ऑलिंपिकचे पदक कोणाच्या गळ्यात पडावे हा एक प्रश्न; चौदा वर्षांच्या मुलाने संध्याकाळी मैदानात यावे की नाही हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्याच्या नावाखाली दुसऱ्याचे उत्तर देणे म्हणजे हिमालयावर बर्फ पडते म्हणून आपल्या गावातली पाणपोई बंद करण्यासारखे आहे.

शिखरावरच्या नियमांचा घाव किती खोल जातो, याचे एक उदाहरण आपल्या देशातलेच आहे. तामिळनाडूतल्या एका गरीब मजूर कुटुंबातली धावपटू शांती सौंदरराजन. तिने 2006 साली दोहाच्या आशियाई स्पर्धांत 800 मीटरचे रौप्यपदक जिंकले, आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आले. शांती पारलिंगी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती मुलगी म्हणूनच जन्मली, वाढली आणि धावली. तिच्या देहाची निसर्गाने केलेली घडण वेगळी निघाली, एवढेच. देशाच्या चव्हाट्यावर तिची अब्रू काढली गेली आणि पुढे काही काळ तिला वीटभट्टीवर राबावे लागले. पण ती मैदानावर परत आली, आणि मुलांना धावायला शिकवणारी प्रशिक्षक झाली.

आपल्या कबड्डीत खेळाच्या जुन्या तऱ्हा आहेत. गामिनीत जो गडी बाद झाला तो सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. संजीवनीत तसे नाही. सोबत्याने समोरचा गडी मारला की बाद झालेला जिवंत होऊन मैदानात येतो. शांतीच्या बाबतीत आधी गामिनी खेळली गेली आणि फार उशिरा संजीवनी. पारलिंगी मुलांशी आपण आजवर गामिनीच खेळत आलो आहोत. आणि संजीवनीचा नियम नीट पाहा: बाद गडी स्वतः कितीही धडपडला तरी स्वतःच्या बळावर जिवंत होत नाही. त्याला जिवंत करायला आत असलेल्या भिडूलाच पराक्रम करावा लागतो. आत आहोत आपण.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता दिली. 2019 साली संसदेने त्यांच्या हक्कांचा कायदा केला. आपल्या राज्यात 2022 च्या डिसेंबरात पोलीस शिपायांच्या भरतीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा अर्जात तिसऱ्या पर्यायाची सोय करण्याचे आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवण्याचे शासनाने कबूल केले. या घटनेचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. शिपायाच्या भरतीत पुरुषांना 1600 मीटर, स्त्रियांना 800 मीटर धावावे लागते. शंभर मीटरची धाव आणि गोळाफेक दोघांनाही. ही तयारी घरात बसून होत नाही. गावोगावच्या मैदानांवर पहाटे पाचला आपली मुले-मुली धावताना दिसतात, ती याचसाठी. न्यायालयाने अर्जात रकाना मिळवून दिला. पण त्या पहाटेच्या मैदानावर जोडीने धावणारे कोणी न्यायालय देऊ शकत नाही. ते या गावाने द्यायचे आहे. छत्तीसगडात 2021 साली 13 पारलिंगी उमेदवार पोलीस शिपाई म्हणून निवडले गेले. तेही आधी कोणत्या तरी मैदानावर धावलेच असतील.

मग आपण करावे काय? त्याला पैसा लागत नाही. कवायतीच्या शिक्षकांनी प्रत्येक वेळी मुलगे आणि मुली अशाच रांगा न लावता कधी उंचीप्रमाणे, कधी हजेरीच्या क्रमाने लावाव्यात. क्रीडामंडळाच्या चालकांनी आतून कडी लागणारी एक खोली कपडे बदलण्यासाठी ठेवावी. तिचा उपयोग सर्वांनाच होईल. मुलाने जे नाव सांगितले त्या नावाने हाक मारावी. कडेला उभे राहून कोणी नक्कल करू लागला, तर ती थांबवणे हे संघनायकाचे काम समजावे. पंचाची वाट पाहू नये. आणि आईबापांनी, 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न पडेल तेव्हा, लोक म्हणजे आपणच, एवढे ध्यानात ठेवावे.

शेवटचे सांगणे असे, की अशा मुलाला मैदानात घ्याल तेव्हा फार गोड वागू नका. त्याला पाणी आणायला, गुण मांडायला बसवू नका. त्याला पुढे क्षेत्ररक्षणाला उभे करा, चढाईला पाठवा, हरलात तर हरण्यातला त्याचा वाटा त्याला द्या. त्याने सोडलेल्या झेलावरून संध्याकाळी पारावर चार मुले त्याच्याशी कडाडून भांडली, आणि त्या भांडणात त्याच्या चालण्याबोलण्याचा विषय कोणाच्या मनातही आला नाही, तर या गावाने त्याला भिडू मानले असे आम्ही समजू.